अर्ध्या डॉक्टरांची गोळी

औषधांच्या दुकानात तीस वर्षं काढलेला माणूस आजारपणाला घाबरत नाही, असा त्यांचा स्वतःचा ठाम समज होता. गल्लीत त्यांना सगळे अर्धे डॉक्टर म्हणत. हे नाव सुरुवातीला कुणीतरी चेष्टेनं ठेवलं असणार. पुढे लोक ते मनापासून म्हणायला लागले, आणि त्याहून वाईट म्हणजे तेही मनापासून ओ द्यायला लागले. कुणाचं डोकं ठणकत असो, कुणाच्या पोराचं पोट बिघडलेलं असो, अर्धे डॉक्टर मागे वळायचे, फळीवरून पट्टी काढायचे, कात्रीनं चार गोळ्या कापून द्यायचे. हाताला इतकी सवय झाली होती की डोक्याला विचारायची वेळच येत नसे.

त्या गुरुवारी दुपारी सव्वा बाराला त्यांच्या हातानं असंच डोक्याला न विचारता काम केलं.

ते जेवायला घरी आले होते. बायको पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि भर दुपारी दोन पांघरुणं घेऊन कुडकुडत होती. त्यांनी कपाळाला हात लावला. चटका बसला. दुसऱ्या मिनिटाला तापाची गोळी तिच्या तोंडात होती आणि पाण्याचा पेला ओठाला. गोळी गिळून झाल्यावर त्यांनी थर्मामीटर काढला, काखेत धरला आणि वाचला. एकशे एक पॉइंट सहा. थर्मामीटर झटकता झटकता त्यांची नजर स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवलेल्या कागदावर गेली.

तो कागद हॉस्पिटलातल्या सिस्टरनं दिला होता. बायकोला अंडाशयाचा कॅन्सर होता, तिसऱ्या टप्प्यातला. पोटात साठलेलं पाणी काढून आधी केमोचे तीन डोस झाले, मग मोठं ऑपरेशन झालं. दोन्ही अंडाशयं, गर्भाशय, आतड्यांवरचा चरबीचा पडदा, जे जे काढता येईल ते सगळं काढलं. त्यानंतर उरलेले तीन डोस सुरू झाले होते, आणि त्यातला दुसरा होऊन आज दहावा दिवस होता. सिस्टरनं घरच्यांना समोर बसवून नीट समजावलं होतं. केमो जशी कॅन्सरच्या पेशी मारते तशा रक्तातल्या पांढऱ्या पेशीही मारते. साधारण आठवडाभरानं त्या अगदी तळाला जातात आणि चार-सहा दिवस तिथेच राहतात. त्या दिवसांत साधा जंतू अंगात शिरला तरी त्याला अडवायला कुणी नसतं. म्हणून ताप शंभराच्या वर गेला की तासाभरात इथे यायचं, वाट बघायची नाही. आणि घरी तापाची गोळी द्यायची नाही. गोळीनं ताप उतरतो, जंतू उतरत नाहीत, आणि मग आम्हाला इथे काही कळत नाही.

हे सगळं ऐकताना अर्धे डॉक्टर मान डोलावत होते. आम्हाला काय शिकवताय, असा तो भाव होता. कागद घरी आणून त्यांनीच दाराला चिकटवला, आणि लेकीला दोनदा वाचून दाखवला.

त्यांनी लेकीला फोन केला. ती शाळेत गणित शिकवायची आणि दोन रस्ते सोडून राहायची. आईला बरं वाटत नाही, हॉस्पिटलात न्यायला हवं, एवढंच ते बोलले. लेक तास अर्धवट टाकून गाडी घेऊन आली. गाडीत तिनं विचारलं, ताप किती आहे. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, ताप असा नाही, नुसती कणकण आहे. मागच्या सीटवर बायकोनं डोळे उघडले, त्यांच्या मानेकडे बघितलं आणि परत मिटले.

खरं सांगायला काय हरकत होती, असं कुणालाही वाटेल. पण ही गोळी एकटी नव्हती. तिच्यामागे गोळ्यांची मोठी रांग होती आणि ती नवराबायको दोघांनाच ठाऊक होती.

सव्वा वर्षापूर्वी बायको पहिल्यांदा म्हणाली होती, पोट फुगल्यासारखं वाटतं. त्यांनी गॅसची गोळी दिली. महिन्याभरानं म्हणाली, दोन घासांत पोट भरतं. भुकेचं औषध दिलं. मग सारखं लघवीला जावं लागायला लागलं, त्याला लघवीचं औषध. ओटीपोटात दुखायला लागलं, त्याला दुखण्याची गोळी. मध्येच पोट साफ होईना, त्याला चूर्ण. त्यांच्या दुकानात पोटाची फळी वेगळी, लघवीची वेगळी, दुखण्याची वेगळी. प्रत्येक तक्रारीला त्यांनी तिच्या तिच्या फळीवरचं औषध दिलं आणि सगळ्या तक्रारी एकाच बाईच्या आहेत, एकाच पोटातून येताहेत, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. दुसऱ्या कुणाची बायको असती तर ती दुसऱ्या महिन्यात डॉक्टरकडे गेली असती. ही अर्ध्या डॉक्टरांची बायको होती, तिला जायचं कारणच नव्हतं. असे नऊ महिने गेले. हातापायांच्या काड्या झाल्या आणि पोट तेवढं सातव्या महिन्यासारखं पुढे आलं, तेव्हा कुठे सोनोग्राफी झाली.

मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हा त्रास केव्हापासून आहे? लेक शेजारीच बसली होती. अर्धे डॉक्टर म्हणाले, दोन महिने झाले असतील. बायकोनं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. डॉक्टरीणबाईंनी फायलीत दोन महिने असं लिहून घेतलं. त्या दिवसापासून आजपर्यंत ती फाईल लेकीच्या पिशवीत असायची आणि ती उघडली की हे दुसरीकडे बघायचे.

आता घरी दिलेली गोळी कबूल करायची म्हणजे लेक विचारणार, माहीत असून का दिलीत? आणि एकदा तिनं धागा ओढायला सुरुवात केली की ती गणिताची बाई, शेवटापर्यंत गेल्याशिवाय थांबायची नाही.

हॉस्पिटलात पोहोचेपर्यंत पावणेदोन झाले. गोळीनं आपलं काम चोख केलं होतं. बायकोला दरदरून घाम सुटला होता. दारातल्या टेबलावरच्या सिस्टरनं थर्मामीटर लावला आणि अठ्ठ्याण्णव पॉइंट नऊ असं वाचलं. ही सिस्टर नवी नव्हती, कागद देणारीच होती. तिनं रक्तदाब घेतला, थोडा कमी आहे म्हणाली. नाडी जलद आहे म्हणाली. मग पेन उचलून विचारलं, "घरी ताप आला होता?"

अर्ध्या डॉक्टरांनी तोंड उघडलं. शब्द बाहेर पडायच्या आधी बायकोच बोलली.

"नाही. नुसती कणकण होती."

"काही गोळी घेतलीत?"

"नाही."

तिनं हे इतक्या सहज सांगितलं की क्षणभर त्यांनाच ते खरं वाटलं. सिस्टरनं लिहून घेतलं. परवा रक्ततपासणी ठरलेलीच आहे, ताप नाही म्हणजे काळजीचं नसावं, तरी डॉक्टर वॉर्डातली फेरी संपवून आल्या की बघतील, असं ती म्हणाली. दीड-दोन तास लागतील, बाहेर बसा.

बाहेर भिंतीला लागून खुर्च्यांची रांग होती. त्यातल्या तीन खुर्च्यांवर हे तिघे बसले. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं आणि अर्ध्या डॉक्टरांच्या डोक्यात नको असलेली सगळी माहिती होती. सव्वा बाराची गोळी, म्हणजे चारपर्यंत ताप दबून राहणार. तोपर्यंत आत काय चाललंय ते कुणालाच दिसणार नाही. एका जंतूचे वीस मिनिटांत दोन होतात, दोनाचे चार. हे त्यांनी कॉलेजात असताना पाठ केलं होतं आणि त्या वेळी त्यात त्यांना मौज वाटली होती.

मनाची समजूत घालायला माणूस काय काय शोधून काढतो. त्यांना वाटलं, रक्त तर तपासतीलच. त्यांना वाटलं, ताप कदाचित साध्या थकव्याचा असेल. मग वाटलं, आपण पाच मिनिटांनी उठू. पाच मिनिटं झाली. आणखी पाच झाली. बायकोचा हात त्यांच्या गुडघ्यावर होता आणि तिची बोटं दाबून सांगत होती की गप्प बसा.

दोन वाजून वीस मिनिटांनी ती म्हणाली, थंडी वाजते. तिच्या नखांचा रंग बदलला होता. लेक पांघरूण मागायला आत गेली.

ही वेळ चांगली होती. लेक दिसेनाशी होताच ते उठले. टेबल दहा पावलांवर होतं. सिस्टरच्या कानाशी दोन वाक्यं बोलायची, की काम झालं. कुणाला कळलंही नसतं. पण बायकोनं त्यांची बाही धरली.

"बसा," ती म्हणाली. "सिस्टर पोरीसमोर बोलतील. तिला कळेल."

आणि अर्धे डॉक्टर बसले.

पुढे कितीतरी दिवस त्यांना हेच आठवत राहिलं. गोळी दिली त्याहीपेक्षा, नऊ महिन्यांपेक्षाही, आपण परत खाली बसलो हे. मरणाच्या दारातली बायको आपल्या अब्रूसाठी खोटं बोलतेय आणि आपण तिचं ऐकून खुर्चीत बसलोय. असा भित्रेपणा त्यांनी जन्मात केला नव्हता.

लेक पांघरूण घेऊन आली. आईला ते गुंडाळताना तिनं विचारलं, आई, तुला काय होतंय नक्की? आई काहीतरी म्हणाली, पण ते शब्द कुणालाच कळले नाहीत. तिची जीभ जड झाली होती. ती लेकीकडे बघत होती आणि तिची नजर लेकीवर ठरत नव्हती.

अर्धे डॉक्टर उठले. बायकोचा हात पुन्हा बाहीकडे आला, पण आता त्या हातात धरून ठेवायची ताकद नव्हती. टेबलाशी तीन-चार माणसं उभी होती. त्यांतली एक बाई गल्लीतलीच निघाली, नेहमीची गिऱ्हाईक. अहो अर्धे डॉक्टर, तुम्ही इथे कसे, असं ती कौतुकानं म्हणाली. त्यांनी तिला ओलांडून दोन्ही हात टेबलावर टेकले.

"सिस्टर, घरी तिला ताप होता. एकशे एक पॉइंट सहा. सव्वा बाराला मी तिला तापाची गोळी दिली. देऊ नका असं तुम्ही सांगितलं होतं. मी दिली. ती खोटं बोलली, माझ्यासाठी बोलली."

आवाज त्यांना वाटला त्याहून मोठा निघाला. गल्लीतल्या बाईनं मान दुसरीकडे वळवली. लेक मागेच उभी होती.

सिस्टर त्यांच्यावर रागावली नाही. रागावायला तिला वेळच नव्हता. तिनं एका हातानं फोन उचलला, दुसऱ्या हातानं चाकाची खुर्ची पुढे ओढली, आणि दोन मिनिटांत बायको आत होती. दोन्ही हातांतून रक्त घेतलं. सलाईन लागलं. अँटिबायोटिकचं पहिलं इंजेक्शन शिरेतून गेलं तेव्हा घड्याळात तीन वाजायला दहा मिनिटं होती. डॉक्टरीणबाई धावतच आल्या. त्यांनी रक्तदाब पुन्हा घेतला आणि सलाईन जोरात सोडायला सांगितलं. मग अर्ध्या डॉक्टरांकडे वळून कोणती गोळी, किती ताकदीची, किती वाजता, हे सगळं विचारून घेतलं.

"आणखी काही सांगायचं राहिलंय?"

"राहिलंय," ते म्हणाले. "पण ते आजचं नाही."

"मग आजचं आधी," असं म्हणून त्या पडद्याआड गेल्या.

अर्ध्या तासात रक्ताचा अहवाल आला. पांढऱ्या पेशी चार हजारांच्या वर असायला हव्यात, त्या तीनशे होत्या. चारच्या सुमाराला गोळीचा अंमल संपला आणि ताप एकशे तीनवर गेला. रक्तदाब आणखी खाली आला. तिला वरच्या मजल्यावर, अतिदक्षता विभागात हलवलं. दाराशी डॉक्टरीणबाई थोडक्यात बोलल्या. जंतू रक्तात गेलेत. औषध वेळेत सुरू झालंय असं वाटतं. आणखी दोन तास बाहेर बसला असतात तर मी तुमच्याशी वेगळं बोलले असते. पुढचे दोन दिवस बघावं लागेल.

ते दोन दिवस कसे गेले हे त्यांना धड सांगता आलं नसतं. बापलेक एका बाकावर बसायचे आणि बोलायचे नाहीत. लेक चहा आणून देई, पेला हातात देताना त्यांच्याकडे बघत नसे. तिनं अजून काही विचारलं नव्हतं, आणि तिचं ते न विचारणं त्यांना जास्त जाचत होतं. आतून कुणी बाहेर आलं की दोघं एकदम उठायची. शुक्रवारी सकाळी रक्तदाब सावरला. शनिवारी दुपारी ताप उतरला, आणि या वेळी तो गोळीशिवाय उतरला. पेशी नऊशेवर गेल्या. उरलेला एक डोस देता येईल, थोडा कमी करून, आणि पेशी वाढवायचं इंजेक्शन सोबत देऊन, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

बायकोला वॉर्डात आणल्यावर अर्धे डॉक्टर तिच्याजवळ गेले. ती थकली होती, पण नजर ताळ्यावर होती. तिनं पहिल्यांदा त्यांना झापलंच.

"चारचौघांत सांगायची काय गरज होती?"

"तू गेली असतीस."

"माहीत होतं मला." तिनं दम घेतला. "मी गेले तर तुम्हाला पोरीकडेच राहायचंय. तिच्या मनात तुमच्याबद्दल अढी बसली तर तुम्हाला कोण बघणार? म्हणून बोलले."

त्यांनी तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. ते तसेच बाहेर आले. लेक खिडकीपाशी उभी होती. तिच्याशेजारी उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. गॅसच्या गोळीपासून सुरुवात केली. कोणत्या महिन्यात काय तक्रार, कोणत्या फळीवरचं काय दिलं. काहीही वगळलं नाही. आदल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनाही सांगितलं होतं, आणि त्या काय म्हणाल्या तेही सांगितलं. हा आजार असाच हळू, साध्या तक्रारींच्या आडून येतो, पुष्कळदा डॉक्टरांच्याही नजरेतून सुटतो. आधी आला असतात तर आधी सापडला असता का, हे छातीठोकपणे कुणी सांगणार नाही. पण यायला हवं होतंत.

"नऊ महिने," लेक म्हणाली.

"नऊ."

"आणि तुम्ही दोघं माझ्यासमोर बसून दोन म्हणालात."

"हो."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाज अगदी कोरडा होता. ती खाली रस्त्याकडे बघत म्हणाली, "बाबा, मला तुमच्याशी आज नीट बोलता येणार नाही. उद्याही येईल असं वाटत नाही."

"नको बोलूस."

"पण आईला कळू देऊ नका. तिला म्हणा, मी काही मनावर घेतलेलं नाही. आता तिला त्रास नको."

अर्धे डॉक्टर हो म्हणणारच होते. शब्द ओठावर आला होता. इतका सोपा, इतका सवयीचा. त्यांनी तो गिळला.

"नाही म्हणणार," ते म्हणाले. "आता पुरे झालं. तिनं माझ्यासाठी खोटं बोलायचं, मी तुझ्यासाठी, तू तिच्यासाठी. परवा यातच ती गेली असती. चिडली आहेस ना, मग आत चल आणि तिच्यासमोर चीड."

लेक एकदम वळली आणि त्यांच्या पुढे होऊन वॉर्डात शिरली. ते मागून गेले. खाटेशी उभी राहून ती म्हणाली, "आई, मी बाबांवर चिडलेय. तुझ्यावरही. मला सगळं कळलंय."

बायकोनं लेकीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. ती आता सारवासारव करणार, असं त्यांना वाटलं. बत्तीस वर्षांच्या संसारात तिनं तेच केलं होतं.

"मीही चिडलेय," ती म्हणाली. तिचा आवाज थरथरत होता, पण थांबत नव्हता. "तुझ्या बाबांवर. पहिल्या गोळीपासून चिडलेय. माझं पोट दुखत होतं आणि हे फळीकडे बघत होते. मला कुणी विचारलंच नाही."

लेकीनं आईचा हात धरला. अर्ध्या डॉक्टरांनी भिंतीजवळचं स्टूल खाटेपाशी ओढलं आणि त्यावर बसले.

"सांग," ते म्हणाले. आणि ती सांगू लागली.